टोपणनांवाचा धनी

चोरून वाचलेल्या पुस्तकांचे उपकार माणूस सहसा कबूल करीत नाहीं. आमच्यावरहि असें एक ऋण आहे. विद्यार्थिदशेंत जाडजूड व्याकरणाच्या पोटांत दडवून आम्हीं मॅक्स ब्रँडच्या घोडेस्वारांच्या कथा वाचल्या. आणि पुढें चारचौघांत त्यांचें नांव काढावयाची आम्हांस लाज वाटूं लागली. मौज ही कीं, तीच लाज खुद्द लेखकालाहि वाटत असे!

त्याचें खरें नांव फ्रेडरिक फाउस्ट. जन्म सिअ‍ॅटल येथें, १८९२ सालीं. लहानपणींच पोरका झालेला हा मुलगा कॅलिफोर्नियांतील शेतांवर राबून वाढला, बर्कलेच्या विद्यापीठांत शिकला. पण पदवी कांहीं हातीं लागली नाहीं. हौस एकच : प्राचीन ग्रीकांच्या तोलाचें काव्य लिहावें. काव्यानें पोट भरेना, तेव्हां त्यानें स्वस्त कथानियतकालिकांची चाकरी पत्करली. तेथें मोबदला शब्दागणिक. टंकयंत्रावर त्यानें कोट्यवधि शब्द लिहिले, आणि एका नांवाला तें ओझें पेलेना म्हणून अनेक टोपणनांवें घेतलीं. फ्लॉरेन्सला बंगल्यांत राहून हा गृहस्थ अमेरिकेच्या माळरानावर घोडे दौडवीत होता! स्वतःचें नांव मात्र त्यानें कवितेसाठीं राखून ठेविलें. ती कविता फारशी कोणी वाचली नाहीं.

१९३० सालच्या त्याच्या एका कादंबरींत डेस्ट्री नांवाचा नायक तुरुंगांतून सुटून येतो तो खचल्याचें सोंग घेऊन; त्याला दोषी ठरविणारे बाराजण त्या सोंगाला फसतात. फाउस्टचें सोंग याच्या उलट होतें. आपण केवळ पोटासाठीं लिहितों असें तो भासवी. पण ज्या होमरास त्यानें पुढल्या दारानें बोलाविलें, तो मागल्या दारानें या कथांत शिरला होता. आम्हीं पोरांनीं त्याला नांव न विचारतांच ओळखलें.

हृदय दुबळें असतांहि तो युद्धवार्ताहर म्हणून इटलींत गेला, आणि १९४४ च्या मे महिन्यांत तोफगोळ्याचा तुकडा लागून रणांगणावरच मेला. वय अवघें एकावन्न.

परवां आम्हीं तें जुनें पुस्तक शोधून काढलें. आतां तें व्याकरणाच्या पोटांत नाहीं. शेजारीं, राजरोस उभें आहे.