उठता-बसता

मराठीत रक्तदाब, उर्दूत खून का दबाव, आणि सातारा-सांगलीच्या कुठल्याही मोहल्ल्यात नुसतं ‘बीपी’. बीपी म्हटलं की आम्हाला वाढलेलंच आठवतं. उठताना ते घसरतंही, हे आमच्या घराला अब्बा पडल्यावर उमगलं.

रमजान होता. सेहरीसाठी अब्बा अंथरुणातून ताडकन उठले आणि दाराशी कोसळले. खुब्याचं हाड मोडलं. सांगलीहून मिरजेला नेलं, आम्ही साताऱ्याहून एसटीने पोहोचलो. तोवर कुणी नजर म्हणालं, कुणी अशक्तपणा. हाड सांधल्यावर डॉक्टरांनी एकदा झोपवून आणि एकदा उभं करून बीपी मोजलं. वरचा आकडा 150 वरून 118 वर आला होता. तीन मिनिटांत 20 ने उतरला, तरी तो दोषच मानतात म्हणे.

वर्गात आम्ही हे असं सांगतो. माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी, म्हणून दाब कमी. गळ्यातल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांच्या भिंतीत ताण ओळखणारे मज्जातंतू असतात. ते मेंदूच्या देठाला खबर देतात, हृदय वेगाने चालतं, रक्तवाहिन्या आवळतात. सारं काही सेकंदांत. पोटऱ्यांचे स्नायूही रक्त वर ढकलतात. म्हणून तर संचलनात निश्चल उभा असलेला तरणाबांड जवानही कधी कोसळतो. अपशिंगे मिलिटरीच्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको!

वय, साखरेचा आजार, लघवी वाढवणाऱ्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या, दिवसभराची तहान, यांनी ही खबर उशिरा पोहोचते किंवा कामी येत नाही.

नमाजात तर डोकं सजद्यात हृदयाच्या खाली जातं आणि तिथून थेट कियाम. कोकणातले शाफई भाऊ दुसऱ्या सजद्यानंतर क्षणभर बसून उठतात. त्यात विज्ञान शोधत बसू नये, असं आमचं मत आहे. पण अब्बांना ते बसणं सोयीचं पडलं असतं, एवढं खरं.

डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली. स्वतःच्या मनाने गोळी सोडायची नाही, हे बजावलं. उठताना आधी कुशीवर, मग काठावर बसून पाय हलवायचे, मग उभं राहायचं. अब्बांनी हे सगळं ऐकलं. अडलं ते खुर्चीवर.

“मैं क्या अपाहिज हूँ?”

आजाऱ्याला बसून नमाजची मुभा आहे, हे त्यांनीच आम्हाला लहानपणी शिकवलेलं. अम्मी आठ दिवस बोलल्या नाहीत. शेवटी तरावीह खुर्चीवर, पण ईदची नमाज उभ्यानेच, यावर तडजोड झाली. ईदगाहात त्यांच्या डाव्या बाजूला आम्ही, उजव्या बाजूला धाकटा भाऊ.