छपाई संपलेल्या पुस्तकांसाठी

प्रति,
प्रताधिकार कायदा, 1957



मी उरवड्याला राहते, ग्रंथपाल आहे. लिहिणाऱ्याच्या कष्टाचं मोल तू राखतोस, म्हणून तुझा मला आदर आहे. आज लिहायला बसले ते मात्र अशा पुस्तकांसाठी, ज्यांच्यावर आता कुणीच पैसा कमवत नाही.

आमच्या तालुक्याचंच घे. टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 साली इथे मुळशीचा सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले. धरणग्रस्तांच्या घरातली मुलं आजही विचारत येतात, "पणजोबांचं गाव पाण्याखाली गेलं, त्याबद्दल वाचायला काही आहे का?" एखादी जुनी पुस्तिका असते. पान उलटलं की कोपरा हातात येतो, कसरीनं शिवणीपर्यंत भोकं पाडलेली. मुखपृष्ठामागे प्रकाशकाचा पत्ता असतो, पण ते दुकान कधीच उठलेलं. विचारणारा मुलगा चिंचवडला पाळीवर जाणारा. म्हणतो, "ताई, मोबाइलवर पाठवता का?" मला नाही म्हणावं लागतं.

तू आम्हाला काहीच दिलं नाहीस असं नाही. भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीन प्रती सार्वजनिक ग्रंथालयानं स्वतःच्या वापरासाठी काढाव्यात, अशी सोय कलम 52 मध्ये आहे. 2012 च्या दुरुस्तीनं आमच्याकडचं पुस्तक जतनासाठी स्कॅन करून ठेवायलाही मोकळीक मिळाली. म्हणजे पुस्तक मी वाचवू शकते, पण घरबसल्या वाचकाला पोचवू शकत नाही. मग ते वाचवायचं कुणासाठी?

मालकाचा पत्ताच लागत नसेल तर कलम 31अ आहे, असं कुणी सांगेल. त्या वाटेनं जायचं तर अर्ज करण्याआधी जाहिरात द्यायची, तीही देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात. भाषांतर करायचं असेल तरच त्या भाषेतल्या दैनिकातही. मराठी पुस्तिका मराठीतच पुन्हा वाचकांपुढे आणायची असेल, तर मराठी दैनिकात एक ओळ देण्याचीही अट नाही! लेखकाची नात कदाचित पौडला असेल, भोरला असेल. ती इंग्रजी दैनिकातली जाहिरात चाळत बसेल का? आणि पुढे अर्ज, परवाना, रॉयल्टीची रक्कम. अनुदानावर चालणाऱ्या गावच्या वाचनालयाला हे झेपत नाही.

तुझी मुदत आधी लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली, म्हणून 1992 च्या दुरुस्तीनं ती 60 केली गेली. एका महाकवीसाठी घेतलेला निर्णय साऱ्या अनाम पुस्तिकाकारांनाही लागू झाला. बापट 28 नोव्हेंबर 1967 ला गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन 1 जानेवारी 2028 ला खुलं होईल. त्यांची तारीख निदान माहीत तरी आहे. ज्या लेखकाची मृत्युतिथीच कुणाला ठाऊक नाही, त्याच्या पुस्तकाची 60 वर्षं मोजायची कुठून?

युरोपीय संघानं 2019 च्या निर्देशात अशा पुस्तकांसाठी उपाय काढला. बाजारातून गेलेली पुस्तकं ग्रंथालयांनी इंटरनेटवर ठेवावीत, आधी सहा महिने तशी जाहीर नोंद करावी, मालक पुढे येऊन नको म्हणाला तर काढून घ्यावीत. लेखकाचा हक्क शाबूत राहतो आणि शोधाचा सगळा भार एकट्या ग्रंथालयावर पडत नाही.

तुझ्यात अशीच एक तरतूद हवी. विक्रीत नसलेलं पुस्तक ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्कॅन करून वाचकांना मोफत वाचू देता यावं. सूचना पुस्तकाच्या भाषेतल्या दैनिकात आणि तालुक्याच्या ठिकाणी लागावी. वारस आला, तर त्याच्या शब्दाला मान द्यावा; त्याला मोबदला हवा असेल तर शासनानं तो ग्रंथालय-निधीतून द्यावा. पुढची दुरुस्ती निघेल तेव्हा कलम 52 उघडलंच, तर हे त्यात घाल.

आपली,
एक ग्रंथपाल
उरवडे, ता. मुळशी, जि. पुणे