अर्जावरचे नाव

संशोधनासाठी पैसे मागणे ही गोष्ट आमच्या पिढीतील पुष्कळ अध्यापकांस किंचित कमीपणाची वाटत असे. विद्यादान करणाऱ्याने अर्ज घेऊन कोणाच्या दारी जावे, हा विचारच मनास रुचत नसे. आणि तो अर्ज लिहिण्यासाठी शेजारच्या खोलीतील सहकाऱ्याची मदत घेणे तर त्याहून अवघड! ज्याच्याबरोबर रोज चहा घ्यावयाचा, त्याच्यापुढे आपले अज्ञान कबूल करवत नाही.

सोलापुरास हा संकोच अधिक जाचला. येथील महाविद्यालये पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठास जोडलेली होती. २००४ साली एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले व २०१९ मध्ये त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. परंतु विद्यापीठ जवळ आले म्हणून अनुभवही जवळ येतो असे नाही. मोठ्या संस्थेत नवा अध्यापक वडील सहकाऱ्यांच्या संगतीने ही विद्या सहज उचलतो. लहान महाविद्यालयात पूर्वी अनुदान मिळविलेला मनुष्यच पुष्कळदा आढळत नाही. २०२३ च्या कायद्याने ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ ही संस्था निर्माण झाली. तिच्या ‘पेअर’ नावाच्या योजनेत मोठ्या संस्थेने लहान संस्थांस हाताशी धरावे अशी रचनाच आहे. रचना चांगली, पण हाताशी धरणे म्हणजे नेमके काय करणे?

भौतिकशास्त्राच्या एक तरुण प्राध्यापिका आमच्याकडे अर्जाचा मसुदा घेऊन आल्या. पूर्वी एकदा त्यांचा अर्ज ‘यात नवे काय?’ एवढ्या शेऱ्यानिशी परत आला होता. विषय होता ध्वनिप्रदूषणाचे दुष्परिणाम. पूर्वसंशोधनाच्या सदरात वीस-बावीस परदेशी नावे. सोलापूरचे एकही नाही. वस्तुतः धनंजयराव गाडगीळांचा सोलापूर शहराच्या सामाजिक व आर्थिक स्थितीवरील ग्रंथ १९६५ सालीच प्रसिद्ध झालेला आहे. तो आम्ही त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारले, “बाई, हा आवाज तुम्ही स्वतः कोठे ऐकला?”

त्या थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, “सर, माझी एक विद्यार्थिनी पूर्वभागात राहते. घराला लागूनच यंत्रमाग आहेत. वर्गात तिला प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागतो.”

वीस पानांच्या मसुद्यात हे वाक्य कोठेही नव्हते! आपल्याकडील नियमांत कारखान्यात आठ तास काम करणाऱ्यासाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळीवर येणाऱ्या कामगाराची. पाळी संपली की तो बाहेर पडतो. पण भिंतीपलीकडे स्वयंपाक करणारी बाई, पाळण्यातले मूल, अभ्यास करणारी मुलगी यांची पाळी कधी संपते? ही माणसे कामगारांच्या कोणत्याच यादीत नाहीत. बाईंचा खरा प्रश्न हाच होता व तो त्यांनी अनुभवाने आधीच जाणला होता; मात्र अर्जात घालण्याजोगा तो आहे असे त्यांस वाटले नव्हते.

पुढील दीड महिना आम्ही केवळ प्रश्न विचारले. किती घरे? दिवसातून किती वेळा मोजणार? कानांची तपासणी कोण करणार, आणि नैतिकता समितीची संमती केव्हा घेणार? खर्चाच्या तक्त्यात प्रयोगशाळेसाठी एक भारी यंत्र घातले होते. या कामी त्याचा उपयोग नव्हता, ते गळाले. त्याऐवजी तेलुगू जाणणारी एक मदतनीस आली, कारण त्या भागातील पुष्कळ विणकर घरांत आजही तेलुगू बोलतात आणि आजीबाईंस ऐकू येते की नाही हे परभाषेत विचारून कसे चालेल? बाईंच्या घरी सासूबाई नातवाला सांभाळीत, म्हणून ही रात्रीची बैठक शक्य झाली. अनुदानाच्या कोणत्याही तक्त्यात या मदतीस रकाना नसतो.

अर्ज पुरा झाल्यावर बाई म्हणाल्या, “सर, सहसंशोधक म्हणून आपले नाव घालते. वजन येईल.” आम्ही नको म्हटले. त्यांस वाईट वाटले असावे. परंतु मोजमाप आम्ही करणार नाही, घरोघर आम्ही फिरणार नाही. मग नाव कशाचे? वडीलपणाचा मान म्हणून नाव घालण्याची चाल आपल्याकडे पडली आहे व तिला लोक कृतज्ञता म्हणतात. आमच्या मते ती तरुणांकडून घेतलेली खंडणी आहे. उद्या अनुदान मिळाले तर “सरांनी मिळवून दिले” असेच लोक म्हणतील, आणि पुढचा अर्ज बाईंना एकटीने करणे अधिकच कठीण होईल. एक वाक्यही आम्ही स्वतः लिहून दिले नाही, त्याचे कारण हेच. काही ठिकाणी भाषा ओबडधोबड राहिली, राहू दिली.

अर्ज गेला आहे. निकाल यावयाचा आहे. तोवर बाईंनी महाविद्यालयातील जुना ध्वनिमापक दुरुस्त करून घेतला असून रविवारी त्या पूर्वभागात जातात. पहिल्या घरी माग बंद करून त्यांस चहा दिला गेला, त्यामुळे त्या दिवशी मोजावयास काही उरले नाही.