दाभोसा व्हाया मनोर

जून संपता संपता दहिसरमध्ये एक साथ येते. डेंग्यूच्या आधी येते ती. लक्षणं ठरलेली. सोमवारीच रविवारचा पाऊस बघून ठेवणं, ऑफिसच्या ग्रुपवर हिरव्यागार डोंगरांचे फोटो टाकणं आणि ‘यार, कुठेतरी जाऊया, जरा जगूया’ हे वाक्य दिवसातून किमान तीनदा म्हणणं. औषध एकच. धबधबा!

त्यात आम्ही दहिसरकर तसे नशीबवान. मुंबई आमच्या नाक्यावर संपते. दादरचा माणूस अजून अंधेरीच्या फ्लायओव्हरवर शिव्या घालत असतो, तेव्हा आम्ही काशीमिरा ओलांडलेलं असतं. ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांना नाक्यावरचा टोलही माफ. आमच्याकडे स्वतःची नदीसुद्धा आहे, बरं का! तुळशी तलावाकडून नॅशनल पार्कातून येते. पार्कात असेपर्यंत ती नदी असते. बाहेर आल्यावर तिला नदी म्हणायला धीर लागतो. असो.

सगळ्यात जवळचा धबधबा म्हणजे चिंचोटी. पण पावसाळा आला की तिथे मनाईचे आदेश निघतात, आणि उगाच नाही निघत. जुलै २०१८ मध्ये शंभरावर लोक तिथे पुरात अडकले होते. म्हणून गेल्या जुलैत आमचं ठरलं, जायचं तर लांब जायचं. जव्हारच्या पुढचा दाभोसा. आम्ही चौघं : एक बँकवाली, एक आयटीवाला, एक बिल्डरकडे सेल्समध्ये आणि मी, फ्रीलान्सर. म्हणजे बाकीच्यांच्या मते कायम सुट्टीवर. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “जव्हार? ते कुपोषणवालं?” तिच्या पिढीला जव्हार म्हटलं की १९९२ सालच्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंच्या बातम्या आठवतात. आमच्या पिढीला रील्स आठवतात.

सकाळी सहाला निघालो. वसईची खाडी, मग वैतरणा, मनोरला मस्तान नाक्यावर मिसळपाव, आणि उजवीकडे वळून विक्रमगडचा रस्ता. इथून खरी मजा. हायवेवरचे ट्रक मागे पडतात आणि दोन्ही बाजूंना भातखाचरं सुरू होतात. आवणी चालू होती, म्हणजे भाताची लावणी. पाठीवर निळं-पिवळं प्लास्टिक पांघरून बायका ओळीने वाकलेल्या. आयटीवाल्याने गाडी थांबवून फोटो काढले. त्यातल्या एकीनेही वर पाहिलं नाही. नंतर घाट, धुकं, काच पुसा, जुनी गाणी, वडापाव, वगैरे वगैरे. जव्हार गावात मुकणे राजांचा जयविलास पॅलेस आहे, पण बँकवालीला धबधब्याची घाई. ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर म्हणायचे जव्हारला. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ती उपाधी बिचारी अधांतरी लटकली.

आणि मग दाभोसा.

आधी आवाज येतो. वळण घेता घेता इंजिनाच्या आवाजात दुसराच एक आवाज मिसळतो आणि तो कमी होतच नाही. सपाट माळावरून रमतगमत आलेली लेंडी नदी एका कड्यापाशी येते आणि तीनशे फूट खाली कोसळते. मातकट, जाड, एकसंध पाणी. खालचा डोह दिसतच नव्हता, नुसती वाफ. पाच मिनिटं आम्ही चौघंही गप्प होतो. आमच्या ग्रुपमध्ये हे रेकॉर्ड आहे!

सहाव्या मिनिटाला आयटीवाला म्हणाला, “खाली उतरूया.” पायऱ्यांच्या तोंडाशी गावातली दोन पोरं उभी होती. त्यांनी सरळ नाही म्हटलं. याने आधी गोड बोलून पाहिलं, मग पाचशेची नोट काढली, मग ‘आम्ही एवढ्या लांबून आलोय’ हे ठेवणीतलं वाक्य. पोरं हलली नाहीत. मे २०२४ मध्ये मिरा रोडच्या दोघांनी इथेच कड्यावरून डोहात उड्या मारल्या होत्या आणि त्यातला एक गेला. तेही भर उन्हाळ्यात, पाणी शांत असताना. त्यातला मोठा पोरगा एवढंच म्हणाला, “वर काढायला आम्हालाच उतरावं लागतं, दादा.” आयटीवाल्याने नोट परत खिशात टाकली.

थोडक्यात, धबधब्याला जाऊन आम्ही कोरडेच राहिलो. पावसाने भिजलो तेवढेच. मग चहा. बांबू आणि ताडपत्रीची टपरी, चुलीवर मक्याची कणसं. टपरीवाली ताई पस्तिशीची असेल. तिने विचारलं, कुठून आलात?

“मुंबई. दहिसर.”

“ईस्ट का वेस्ट?”

आम्ही चाट! तिने शांतपणे आलं ठेचत सांगितलं, “दोन वर्षं होतो ना तिथं. जगायला.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण जव्हार-मोखाड्यात हाच शब्द आहे. भात निघालं, दिवाळी झाली की हाताला काम उरत नाही, मग घरदार बंद करून, पोरं बरोबर घेऊन माणसं वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर, मुंबईच्या बांधकामांवर जातात. होळीला येऊन जातात, पावसाच्या तोंडावर परततात. सरकारी अहवालात त्याला स्थलांतर म्हणतात. इथे म्हणतात, जगायला गेलेत. सोमवारपासून आम्ही जो शब्द ग्रुपवर उधळत होतो, तोच. बँकवालीने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

“काम काय करायचात?” बिल्डरवाल्याने विचारलं.

“पाणी मारायला होते मी.”

त्याला लगेच कळलं, आम्हाला त्याने समजावलं. स्लॅब भरला की सिमेंट लगेच सुकू द्यायचं नसतं, नाहीतर भेगा पडतात. पुढे कितीतरी दिवस त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारत राहायचं. ताई मान डोलावत होती. तिच्या पाड्यावरची विहीर मार्चमध्ये तळाला जाते. मग झऱ्यावर रात्री नंबर लावायचा, वाटीने हंडा भरायचा, चढ चढून यायचं. आणि दहिसरला बोटभर जाड पाइप हातात देऊन सुपरवायझर सांगायचा, सोड, अजून सोड. पहिल्या दिवशी तिने हात आखडता घेतला म्हणून ओरडा खाल्ला होता. हे सांगताना ती हसत होती. साइट नेमकी कुठली, ते बिल्डरवाल्याने विचारलं नाही.

कोसळत्या तीनशे फुटांसमोर बसून ‘इथे पाणी नाही’ हे ऐकणं विचित्र वाटतं खरं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो इथे. पण खाली काळा कातळ, वर उतार; पाणी मुरत नाही, धरून ठेवायला पुरेसे बंधारे-तलाव नाहीत. लेंडी जाते दमणगंगेला, दमणगंगा दमणपाशी समुद्राला. आपण ज्याला धबधबा म्हणतो ते या माणसांच्या दृष्टीने निघून जाणारं पाणी आहे. आणि पाणी अडवता येत नाही असंही नाही. शेजारच्या मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा धरण बांधलंच की! २०१४ पासून त्याचं पाणी मुंबईला येतं. जव्हार तालुक्यातच खिडसे गावाजवळ पिंजाळ नदीवर आणखी एक धरण प्रस्तावित आहे. तेही मुंबईसाठी. दमणगंगेचं पाणी पिंजाळमध्ये आणून मुंबईकडे वळवायची योजनाही कित्येक वर्षं फाइलींत आहे. मी काही आंदोलनवाली नाही. सकाळी नळ सुकला तर सोसायटीच्या सेक्रेटरीला पहिला फोन माझाच असतो. पण शेजारच्या धरणातून शंभरावर किलोमीटर लांबच्या माझ्या बाथरूममध्ये पाणी पोहोचवता येत असेल, तर या पाड्यावर का नाही, याचं इंजिनीअरिंगमधलं उत्तर मला तरी सापडलेलं नाही.

“पाइपलाइनचं काम झालंय आमच्याकडे,” ताई म्हणाली. “नळ बसलाय.”

“मग?”

“नळ बसलाय,” तिने पुन्हा सांगितलं आणि कणसावर मीठ-लिंबू चोळलं.

चार चहा, चार कणसं. आयटीवाल्याने मघाचीच पाचशेची नोट पुढे केली आणि सुट्टे राहू द्या म्हणाला. तिने शेजारच्या टपरीतून सुट्टे आणून मोजून परत दिले. निघताना बँकवाली म्हणाली, “ताई, आता दिवाळीनंतर येऊ आम्ही. तेव्हा गर्दी नसेल, खालपर्यंत उतरता येईल.”

“दिवाळीनंतर टपरी बंद असते,” ती म्हणाली. “आम्ही तिकडंच असू तेव्हा. तुमच्याकडं.”