नाव शेवटी वाचा

जुना घडीचा चाकू हातात आला की लोक आधी पातं उघडतात आणि त्यावरचं नाव वाचतात. मी नाव शेवटी वाचतो. आधी चाकू बंदच ठेवून तळहातावर घेतो, वजन पाहतो. पाठीची स्प्रिंग, तिच्या दोन्ही अंगांच्या पत्र्याच्या पट्ट्या, मुठीचे खिळे आणि मूठ कशाची आहे, हे सगळं पाहून होतं. पातं उघडताना नखाला किती जोर लागतो आणि शेवटी ‘खट्’ असा स्वच्छ आवाज येतो की नाही, हे त्यानंतर. एवढ्यात चाकू साधारण कुठल्या तीस-चाळीस वर्षांतला असावा, याचा अंदाज मनात बसलेला असतो. मग भिंग घ्यायचं, पात्याच्या मुळाशी ठोकलेली अक्षरं वाचायची आणि ती त्या अंदाजाला मान्य आहेत का ते पाहायचं. नाव आधी वाचलं की डोळे त्या नावाला साजेल तेवढंच पाहतात.

नावावर माझा इतका अविश्वास का, हे इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सवरून सांगता येईल. आपल्याकडच्या संग्राहकाला हे नाव टाळता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कंपनीच्या कचेऱ्या लंडन, न्यू यॉर्क, माँट्रिअलबरोबर मुंबईत आणि कलकत्त्यातही होत्या. बोरूला टोक काढणं, पुढे शिसपेन्सिल तासणं, लखोटा फोडणं, आंबा चिरणं अशा कामांना त्या काळी बाळगलेले रॉजर्सचे चाकू आजही जुन्या घरांच्या फडताळांत आणि पुण्याच्या जुन्या बाजारात सापडतात. त्यांवर तारा आणि माल्टाचा क्रूस अशी खूण असते. ही खूण आपल्याला १६८२ साली मिळाली, असं कंपनी आपल्या जाहिरातींत अभिमानाने छापत असे. तो आकडा वाचून हरखून जाणारे लोक मी पाहिले आहेत. खूण सतराव्या शतकातली असेल. ती ज्या पात्यावर आहे ते पातं विसाव्या शतकातलं असू शकतं, आणि बहुतेक वेळा असतंच.

रॉजर्सच्या पात्यावर त्याहून उपयोगी मजकूर असतो तो राजघराण्याचा. १८२२ साली चौथ्या जॉर्जने त्यांना राजाचे चाकूकार नेमलं. त्याच वर्षी त्यांनी आपल्या दालनासाठी १८२२ पात्यांचा एक अवाढव्य चाकू घडवला आणि पुढे सालागणिक त्यात पात्यांची भर घालत गेले. नेमणुकीनंतर पात्यावर मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना राजाची आद्याक्षरं येऊ लागली. ‘डब्ल्यू’ आणि ‘आर’ म्हणजे चौथा विल्यम, १८३० ते १८३७. ‘व्ही’ आणि ‘आर’ म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. ‘ई’ आणि ‘आर’ म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. इथपर्यंत सोपं वाटतं. पण ‘जी’ आणि ‘आर’ दिसलं तर? चौथा जॉर्ज १८३० साली वारला, पाचवा १९१० साली गादीवर आला. दोघांचीही अक्षरं तीच, आणि मध्ये ऐंशी वर्षांचं अंतर. विकणारा अर्थातच पहिल्याकडे बोट दाखवतो. निवाडा अक्षरं करत नाहीत, चाकूचे बाकीचे अवयव करतात.

माझी सगळी रीत एका नियमावर उभी आहे. चाकूचा जो भाग सर्वांत तरुण, त्याच्याआधी तो चाकू जन्मलेला असू शकत नाही. नऊ भाग शंभर वर्षांपूर्वीचे आणि एक भाग साठ वर्षांपूर्वीचा निघाला, तर चाकू फार तर साठ वर्षांचा, नाहीतर तो एक भाग मागाहून बदललेला. हे असं घडण्यामागे कारखान्याची रचना आहे. शेफील्डमध्ये लोहार पातं घडवी, ते घासून धार काढणारा दुसरा असे आणि मूठ-स्प्रिंग-पातं जुळवून चाकू उभा करणारा तिसरा. कित्येक जण स्वतःच्या छोट्या गाळ्यात कंत्राटावर काम करत. त्यांना तिथे ‘लिटल मेस्टर’ म्हणत. २०२१ साली वारलेले स्टॅन शॉ हे त्या परंपरेतले शेवटच्या मोठ्या कारागिरांपैकी एक. अशा व्यवस्थेत नाव ठोकलेली पाती फळीवर वर्षानुवर्षं पडून राहू शकत आणि नव्या मुठीत बसत. म्हणून एका खुणेवरून एकच साल सांगणाऱ्या माणसापेक्षा ‘१८९५ ते १९१४’ असा पल्ला सांगणाऱ्यावर मी जास्त भरवसा ठेवतो.

तरुण भाग ओळखायचे तर काही सालं पाठ हवीत. त्यातलं सर्वांत कामाचं साल १८९१. अमेरिकेच्या मॅकिन्ले जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि त्या वर्षापासून पात्यांवर ‘इंग्लंड’, ‘जर्मनी’ अशी नावं दिसू लागली. म्हणजे मुकुटाशेजारी ‘जी आर’ आणि खाली ‘इंग्लंड’ असेल तर चौथ्या जॉर्जची गोष्ट तिथेच संपते. उलट बाजू मात्र तितकी पक्की नाही. ‘इंग्लंड’ नाही म्हणून चाकू १८९१ च्या आधीचा, असं म्हणता येत नाही; मुंबईला निघालेल्या मालावर अमेरिकेचा कायदा चालत नव्हता. परदेशी संग्राहकांची पुस्तकं अमेरिकी बाजार डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात, आपल्याकडे सापडलेल्या चाकूला ती जशीच्या तशी लावू नयेत. खोट्या खुणांना आळा घालणारा कायदा ब्रिटनमध्ये १८८७ साली झाला आणि हिंदुस्थानात १८८९ साली. शेफील्डचं नाव लावून खपणाऱ्या जर्मन मालाची तक्रार त्यामागे होती. त्यामुळे पात्यावर इंग्रजी मजकूर आहे म्हणजे चाकू इंग्लंडचा, हेही गृहीत धरू नये.

दुसरं साल १९१३. शेफील्डमध्येच हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारं पोलाद तयार केलं आणि पुढच्या वर्षापासून त्याचे सुरी-काटे बाजारात यायला लागले. पात्यावर ‘स्टेनलेस’ लिहिलेलं असेल तर व्हिक्टोरियाचं राज्य विसरा. जर्मन चाकूवर ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर तो १९४९ ते १९९० मधला. जपानी चाकूवर ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर महायुद्धानंतरच्या ताब्याच्या काळातला, म्हणजे १९५२ पर्यंतचा. ब्रिटिश सैन्याच्या, जाड सुईसारखा दाभण असलेल्या चाकूंवर तर सरकारी मालकीचा बाण आणि अनेकदा चक्क साल ठोकलेलं असतं. पुण्यासारख्या लष्करी छावणीच्या गावात नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. पैसेही कमी लागतात आणि डोळ्यालाही वळण लागतं.

साल सांगण्याच्या बाबतीत अमेरिकेतल्या केस कंपनीचा हिशोबही असाच सरळ आहे. १९६५ ते १९६९ पर्यंत पात्यावर नावाबरोबर ‘यूएसए’ होतं. १९७० साली त्याखाली दहा ठिपके दिले आणि दर वर्षी एक ठिपका कमी करत नेला. १९७९ ला एकच उरला. १९८० साली पुन्हा दहा ठिपके आले, पण त्या वेळी नावातला ‘एस’ विजेच्या रेघेसारखा टोकदार केला. स्वित्झर्लंडच्या सैनिकी चाकूच्या १९६१ च्या, ॲल्युमिनिअमच्या मुठीच्या नमुन्यावरही वर्षाचे शेवटचे दोन आकडे मिळतात. हे चाकू जमवायला छान आहेत. पण खरं सांगायचं तर माझं मन त्यांत फारसं रमत नाही, कारण त्यांत शोधायला काही उरत नाही.

माझं मन रमतं ते मुठीत. पातं घासता येतं, नाव नव्याने ठोकता येतं, पण मुठीचा पदार्थ सहसा खरं बोलतो. हाडाच्या मुठीवर भिंगातून बारीक काळपट ठिपके आणि तुटक रेघा दिसतात. जिवंतपणी त्यांतून रक्त वाहत होतं. हस्तिदंताच्या कापलेल्या टोकाला एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेघांची जाळी दिसते. हस्तिदंताची नक्कल करणाऱ्या सेल्युलॉइडमध्ये रेघा असतात, पण त्या आखल्यासारख्या समांतर. मूठ अंगठ्याने जोरात घासून ऊब येऊ द्या आणि नाकाशी धरा. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड, कारण ते कापूर घालूनच मऊ करत. अमेरिकेत हायट बंधूंनी ते १८७० च्या सुमारास आणलं, म्हणजे चाकू त्यानंतरचा. बाजारात काही जण तापवलेली सुई टोचून परीक्षा करतात. तसं कधीही करू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं.

शिंगाच्या मुठीशी तर आपलं थेट नातं आहे. शेफील्डच्या आणि अमेरिकेच्या चाकूकारांना सर्वांत प्रिय असलेलं खडबडीत, तपकिरी खोबणींचं शिंग हे आपल्या सांबराचं. सांबर दर वर्षी शिंगं गाळतं आणि ती इथून जहाजं भरून जात. १९९८ साली भारताने ही निर्यात बंद केली. त्यानंतर तिकडे अस्सल सांबरशिंगाचा भाव चढला आणि रंगवलेल्या हाडाच्या नकला वाढल्या. नक्कल ओळखायची तर खोबणीचा तळ पाहावा. खऱ्या शिंगाच्या खोबणी उतरत, वळत जातात आणि तळाशी गडद असतात. कोरलेल्या खोबणींना हत्याराची एकसारखी चाल असते. हस्तिदंताबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ मधली त्यातली दुरुस्ती यांमुळे भारतात हस्तिदंताचा, आयात केलेल्यासुद्धा, व्यापार बंद आहे. रॉजर्सची तळघरं हस्तिदंतांनी भरलेली असत. त्या वैभवाची किंमत कोणी मोजली हे आपल्याला माहीत आहे. हस्तिदंती मुठीचा चाकू कितीही देखणा असो, तो विकत घेऊ नये.

मुठीच्या टोकांना धातूची जाड कड असते, तिला बोल्स्टर म्हणतात. तिथे लोहचुंबक लावावा. चिकटला तर लोखंड. शेफील्डच्या जुन्या कामात बोल्स्टर आणि आतल्या पट्ट्या लोखंडी असत. नाही चिकटला आणि रंग फिकट चंदेरी असेल तर जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू. तो शेफील्डमध्ये १८३० च्या दशकापासून रुळला. यावरूनही वयाची खालची हद्द मिळते.

लबाडी बहुतेक वेळा खिळ्यांपाशी उघडी पडते. एकाचं पातं, दुसऱ्याची मूठ, तिसऱ्याची स्प्रिंग असा जुळवलेला चाकू उघडताना बरा वाटतो. पण त्याचे खिळे नवे असतात, किंवा एक खिळा पिवळा आणि दुसरा काळवंडलेला असतो. पातं बंद केल्यावर ते दोन पट्ट्यांच्या मधोमध न बसता एका अंगाला कलतं. नंतर ठोकलेल्या नावाची अक्षरं आतून चकचकीत असतात आणि भोवतीचं पोलाद काळं. जुन्या नावात खोलात तोच रंग उतरलेला असतो. पात्याची झीजही पाहावी. नखाची खाच पाठीला लागून असते, त्यामुळे पातं कितीही घासलं तरी ती टिकते. खाचेपासून धारेपर्यंत उरलेली रुंदी आणि त्याच नमुन्याच्या चांगल्या चाकूची रुंदी ताडून पाहिली की किती पोलाद सहाणेवर गेलं ते कळतं. झिजलेला चाकू मला कमी प्रतीचा वाटत नाही. पातं अर्ध्यावर आलेलं, पण खिळे, मूठ, नाव सगळं मूळचं, असा चाकू आणि बफिंग करून आरशासारखा केलेला चाकू समोर ठेवले, तर मी डोळे मिटून पहिला उचलेन.

म्हणूनच चकाकीबद्दल मला मनापासून राग आहे. पॉलिश पेपर आणि बफिंगचं चाक यांनी जितके चाकू मेले, तितके गंजाने मेले नसतील. कार्बन पोलादावर वापराने येणारी निळसर-करडी छटा हा गंज नसतो. ती पात्याला जपते आणि नाव नव्याने ठोकलेलं नाही याची साक्ष देते. ती घासून काढली की अक्षरांच्या कडा बोथट होतात, मूळ कारागिराने केलेली घासणी जाते आणि वय सांगणारं बरंच काही त्याबरोबर जातं. लाल-नारिंगी, भुगा पडणारा गंज तेवढा काढावा, तोही तेल आणि मऊ कापडाने, घाई न करता. तेल शिलाई मशीनचं वापरावं, खोबरेल नको. ते कालांतराने चिकट होतं आणि स्प्रिंग जड करतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यापूर्वी हे एकदा करावंच. चामड्याच्या पाकिटात चाकू ठेवून देऊ नये, चामडं ओल धरतं. सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू इतरांपासून वेगळे, हवेशीर ठेवावेत. ते सडायला लागले की त्यांतून आम्लाची वाफ निघते आणि शेजारचं पोलाद खाते.

तुमच्या घरी आजोबांचा किंवा पणजोबांचा चाकू असेल, तर एवढं करा. तो कुणाकडे घासायला देऊ नका. मशीनच्या तेलाचा थेंब सांध्यात सोडा, पातं दोन-चार वेळा उघडमीट करा आणि पुसून ठेवा. मग एका कागदावर लिहा: हा कुणाचा, ते काय काम करत, कुठल्या गावी, साधारण कुठल्या साली, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं. कागद चाकूबरोबरच ठेवा. सांगणारं माणूस अजून घरात असेल तर हे आजच विचारून घ्या.