ऑइल सील आणि न दिसणारी गळती

माझ्याकडे वडिलांच्या काळातली यामाहा आरएक्स १०० आहे. एस्कॉर्ट्सने १९८५ ते १९९६ या काळात काढलेली, ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी. मूलहून सावलीमार्गे वैनगंगेचा पूल ओलांडून मी गडचिरोलीकडच्या शाळेत जातो. वाटेतल्या जंगलात वाघाचा वावर आहे. सायंकाळी तिथे गाडी बंद पडणे परवडत नाही.

मागच्या हिवाळ्यात गिअर ऑइल सारखे कमी होऊ लागले. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवून पाहिला, एक थेंब नाही. पण सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता. मिस्त्री पाहताच म्हणाले, "गाडी तेल पिऊन रायली सर. खाली पाहून काही भेटणार नाही."

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये दाब कमी होतो आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबले जाऊन वर जाते. म्हणून ही पेटी हवाबंद हवी. क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील ते काम करतात. क्लचकडचे सील गेले की गिअर ऑइल आत ओढले जाऊन जळते. मॅग्नेटकडचे गेले की बाहेरची हवा शिरते, इंजिन तापते, पिस्टन जामसुद्धा होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर लवकर कडक होते, त्यामुळे जुन्या गाडीची दोन्ही सील एकदमच बदललेली बरी.

मिस्त्रींनी इंजिन खोलले. शाफ्टवरून नख फिरवून खाच पडली नाही ना ते पाहिले, कारण खाच असेल तर नवे सीलही टिकत नाही. सीलच्या ओठाला तेल लावले, बारीक स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे ठेवली आणि हलक्या हाताने सगळीकडून सारखे ठोकत बसवले. तिरपे बसले तर मेहनत वाया.

जुने सील मी आठवीच्या वर्गात नेले. हवेच्या दाबाचा धडा त्या दिवशी हातात धरून झाला. एका मुलाने विचारले, "सर, मग नुसतं तेल टाकत राहिलं तर?" मी म्हटले, "गाडी चालेल. पण आतली गळती थांबणार नाही."

हा प्रश्न मला मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा आठवला. तेव्हा मोहफुले पडतात. ती पहाटेच वेचावी लागतात आणि नेमकी तेव्हाच शाळाही सकाळची असते. काही मुले उशिरा येतात, बाकावर पेंगतात, वाचनात मागे पडतात. त्यांच्यासाठी जादा तास घेणे म्हणजे वरून तेल ओतणे. ते लागतेच. पण पालकांशी बोलल्यावर कळले की एक मुलगी चार वाजता उठून धाकट्या भावाला सोबत घेऊन रानात जाते. हंगामातली ती कमाई घराला हवीच होती. मग घरच्यांशी ठरवले : आठवड्यातले तीन दिवस तिने थेट शाळेत यायचे, त्या दिवशी वेचायला आजी जाईल. तिचे पेंगणे कमी झाले.

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, गडबड करणारे मूल लगेच लक्षात येते, ते जमिनीवर पडलेल्या थेंबासारखे असते. शांतपणे मागे पडणाऱ्याचा फक्त धूर दिसतो. तो दिसला की घरी जाऊन, चहा घेत, दिवस कसा जातो एवढे विचारून पाहा.