वजन आधी, भाव मग

‘ग्रेड’ हा शब्द आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. राज्यात 1972 साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. त्या काळात आजोबांसोबत बाबा बंडी घेऊन खरेदी केंद्रावर जायचे आणि रांगेत रात्र काढायचे. सकाळी ग्रेडर यायचा, ढिगात हात घालायचा, धागा ओढून पाहायचा आणि ग्रेड सांगायचा. त्या एका शब्दावर वर्षाचा हिशोब ठरायचा.

म्हणून 2024 मध्ये यवतमाळला बी.एससी.ला प्रवेश घेतला आणि आता मार्कांसोबत ग्रेड मिळणार असं घरी सांगितलं, तेव्हा बाबा हसले. “मंग तुमचा ग्रेडर कोन हाये?”

नव्या शैक्षणिक धोरणाची आमची पहिलीच बॅच. मुख्य विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्याचा पेपर, भाषा, भारतीय ज्ञान प्रणाली अशी लांबलचक यादी. प्रत्येक पेपरापुढं कंसात एक आकडा होता, कुठं 4, कुठं 2. ते क्रेडिट आहेत एवढं कळलं. त्यांचं काय करायचं, ते विचारावंसं वाटलं नाही. वहीत मी आठही पेपरांना सारखी पानं वाटून दिली.

दिवाळीच्या आसपास आमच्या घाटंजी तालुक्यात शिवार पांढरं होतं. वेचायला बाया मिळत नव्हत्या, म्हणून सुट्टीचे दिवस मी आईसोबत ओटी बांधून काढले. रात्री डोळे मिटायला लागले की हलके पेपर हातात घ्यायचे, कारण ते लवकर संपायचे. गणिताचं पुस्तक उद्यावर जायचं.

निकाल लागला तेव्हा मी एसटीत होते. मोबाइलवर आधी ग्रेड पाहिले. दोन ‘ओ’, दोन ‘ए प्लस’, एक ‘ए’, दोन ‘बी’ आणि गणितात ‘सी’. यूजीसीची दहाची पट्टी पाठ होती: ‘ओ’ला 10, ‘ए प्लस’ला 9, ‘ए’ला 8, ‘बी प्लस’ला 7, ‘बी’ला 6, ‘सी’ला 5, काठावर पास असेल तर 4 आणि नापासाला शून्य. बोटांवर बेरीज केली. 63 भागिले 8, म्हणजे 7.88. मग पान खाली सरकवलं, तर एसजीपीए 7.27.

घरी येईपर्यंत माझी खात्री झाली होती की चूक झाली आहे. “अर्ज करते,” मी म्हटलं. बाबांनी गुणपत्रिका पाहिली नाही. कापसाच्या पावत्या खोचलेली वही काढली आणि माझ्यापुढं टाकली.

“अवंदा आपल्याले सरासरी भाव काय पडला, सांग बरं.”

पहिली वेचणी 4 क्विंटल, भाव 7,200. दुसरी 10 क्विंटल, 7,000. शेवटची फरदड 2 क्विंटल, 6,200. मी तिन्ही भाव जोडले, तीननं भागले आणि सांगितलं, “6,800.”

“फरदड दोनच क्विंटल होती व पोरी! तिले दहाच्या बराबरीनं कायले बसवतं?”

मग त्यांनीच करून दाखवलं. वजन गुणिले भाव, सगळ्याची बेरीज 1,11,200. भागिले 16 क्विंटल. सरासरी 6,950. दीडशे रुपयांचा फरक मी नुसत्या भागाकारात घालवला होता.

त्याच पानावर खाली मी माझा हिशोब मांडला. क्विंटलच्या जागी क्रेडिट, भावाच्या जागी ग्रेडचे गुण. हलके पाच पेपर दोन-दोन क्रेडिटचे, त्यांचे मिळून 92. चार-चार क्रेडिटचे तीन जड पेपर म्हणजे दोन ‘बी’ आणि एक ‘सी’, त्यांचे 24, 24 आणि 20. एकूण 160. भागिले 22 क्रेडिट. 7.27.

चूक कुणाचीच नव्हती. दोन्ही ‘ओ’ मी फरदडीत मिळवले होते आणि भरीचा माल हलका निघाला होता. सातवी शिकलेल्या माणसाला जे ठाऊक होतं, ते गणित विषय घेतलेल्या मला निकालानंतर कळलं. आधी कळलं असतं, तर त्या थकलेल्या रात्रींमधला अर्धा तास कुठं घालायचा, हे तरी ठरवता आलं असतं.

दुसऱ्या सत्रात वहीच्या पहिल्या पानावर क्रेडिट लिहिले आणि पानं त्या मापानं वाटली. गणितात ‘बी प्लस’ आला, एक ‘ओ’ मात्र गेला. या वेळी 22 क्रेडिटमध्ये 168 झाले, एसजीपीए 7.64.

“मंग आता तेवढंच धरतेत ना?” बाबांनी विचारलं.

नाही. सीजीपीए काढताना दोन्ही सत्रं एकत्र येतात. 160 आणि 168 मिळून 328, भागिले 44 क्रेडिट. 7.45. मी तो आकडाही त्यांच्याच वहीत लिहिला.

बाबा थोडा वेळ पाहत राहिले. मग वही मिटत म्हणाले, “बरोबर हाये. गेलेली वेचणी वजनातून काढता येत नाही.”